त्वचाविकार आणि टेलिमेडिसिन : रुग्णाचे समाधान, डॉक्टरांचा संकोच

दुरून उपचार करण्यास सर्वांत सोयीचा अवयव कोणता, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर त्वचा हेच येईल. छातीचे ठोके ऐकावे लागतात, पोट दाबून पाहावे लागते. त्वचा मात्र उघड्या डोळ्यांना दिसते आणि जे दिसते त्याचे छायाचित्रही काढता येते. या सरळ तर्कावर 'टेलिडर्मॅटॉलॉजी' उभी राहिली. ही संज्ञा १९९५ मध्ये अमेरिकी वैद्यकीय लेखनात आली. २०२० च्या कोविड साथीने तो व्यवहार घराघरांत नेला. त्याविषयी रुग्ण आणि त्वचारोगतज्ज्ञ यांची मते विचारली की एक तफावत वारंवार दिसते. रुग्ण बहुधा समाधानी असतात. डॉक्टर उपयोग मान्य करूनही साशंक राहतात. दोघेही खरेच बोलत असतात, कारण दोघे दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात.

हे काम दोन प्रकारे चालते. एकात छायाचित्रे व माहिती पाठवून ठेवली जाते आणि तज्ज्ञ ती सवडीने पाहून मत कळवतात. दुसऱ्यात थेट व्हिडिओवर भेट होते. रुग्णाला दुसरा प्रकार अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात डॉक्टर 'भेटतात'. तज्ज्ञांचा कल पुष्कळदा पहिल्याकडे असतो, कारण हलत्या व्हिडिओपेक्षा स्थिर छायाचित्रात पुरळ कितीतरी स्पष्ट दिसते. म्हणून आधी छायाचित्रे मागवून मग व्हिडिओवर बोलण्याची मिश्र पद्धतही रूढ झाली आहे.

रुग्ण काय मोजतो

रुग्णाच्या समाधानाचे पहिले कारण वेळ. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत झालेली एक चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नेहमीच्या मार्गाने त्वचारोग विभागाकडे पाठवलेल्या रुग्णांना पहिला निश्चित उपचार मिळेपर्यंतचा मध्यक कालावधी १२७ दिवस होता. छायाचित्रांच्या मार्गाने गेलेल्यांचा ४१ दिवस. शिवाय या दुसऱ्या गटातील १८.५ टक्के रुग्णांना त्वचारोग विभागात जावेच लागले नाही. नोकरीतून अर्धा दिवस काढून, गाडी उभी करण्याची जागा शोधून दहा मिनिटांच्या तपासणीला जाणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. कोड, जांघेतील नायटा, गुप्तांगावरील पुरळ अशा तक्रारी घेऊन प्रतीक्षागृहात बसणे अनेकांना नकोसे असते. पडद्यामागून बोलणे त्यांना सोपे जाते. पण हीच लाज उलट दिशेनेही काम करते. आपल्या शरीराचे असे छायाचित्र कोणत्या संगणकावर, किती काळ आणि कोणाच्या नजरेखाली राहील, हा प्रश्न पडला की तोच रुग्ण दवाखाना बरा म्हणतो. आणि एखादा तीळ अचानक वाढू लागला, कर्करोगाची शंका मनात आली, की सोयीचे महत्त्व मागे पडते. अशा वेळी डॉक्टरांनी समोर बसून पाहावे असेच बहुतेकांना वाटते. ही अपेक्षा अगदी रास्त आहे.

डॉक्टर काय मोजतात

त्वचा ही पाहण्याची गोष्ट आहे, हा समज तज्ज्ञांना अपुरा वाटतो, कारण त्यांचे निम्मे काम बोटे करतात. गाठ मऊ आहे की टणक, चट्टा खरखरीत आहे की गुळगुळीत, काच दाबली असता लाली जाते की तशीच राहते, हे छायाचित्र सांगत नाही. नायट्याची खात्री करायची तर पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. भारतापुरते सर्वांत बोलके उदाहरण कुष्ठरोगाचे. फिकट चट्ट्यावरील संवेदना हरपली आहे का, हे पाहणे हा त्याच्या निदानाचा पाया. पडद्यावर तोच चट्टा निरुपद्रवी शिबे वाटू शकतो.

दुसरी भीती न दाखवलेल्या भागाची. रुग्ण हातावरचा डाग दाखवतो. डॉक्टरांची खरी चिंता पाठीवरच्या तिळाची असू शकते, जो रुग्णाने स्वतःही पाहिलेला नसतो. प्रौढांमधील त्वचेच्या कर्करोगाविषयीच्या अभ्यासांचा कोक्रेन आढावा २०१८ मध्ये आला. छायाचित्रांवरून बहुसंख्य घातक डाग ओळखता येतात, निसटण्याचे प्रमाण शंभरात सातांहून कमी आहे, असे त्यात दिसले. मात्र हाती असलेला पुरावा मर्यादित असल्याचेही त्यात नमूद आहे. रुग्णाला हा निष्कर्ष दिलासा देतो. ज्याच्या सहीने अहवाल जाणार त्या डॉक्टरला मात्र ते उरलेले काही जण दिसतात, आणि चूक झाल्यास उत्तरदायी तोच असतो.

सावळ्या त्वचेचा प्रश्न

दक्षिण आशियाई रुग्णांबाबत या संकोचाला आणखी एक पदर आहे. गोऱ्या त्वचेवर जी सूज लालभडक दिसते, ती सावळ्या त्वचेवर जांभळट, करडी किंवा केवळ गडद दिसते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील चित्रे दीर्घकाळ प्रामुख्याने गोऱ्या त्वचेची होती. लंडनमधील वैद्यकीय विद्यार्थी मलोन मुकवेंडे यांनी २०२० मध्ये 'माइंड द गॅप' ही पुस्तिका सिद्ध केली ती याच उणिवेपोटी. त्यात फोनचा कॅमेरा चेहरा आपोआप उजळवतो, म्हणजे दुखण्याचा रंग डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधीच बदललेला असतो.

याहून मोठी फसगत मलमांमुळे होते. भारतात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे वर्षानुवर्षे सहज विकली गेली. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखणारी अधिसूचना काढली. तरीही परदेशी निघालेल्या सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी अशी एखादी ट्यूब असतेच. ती लावल्याने नायट्याची कडा पुसट होते, खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. अशा नायट्याचे छायाचित्र उत्तम तज्ज्ञालाही चकवू शकते. 'आधी काय लावले होते?' हा प्रश्न डॉक्टर पुन्हापुन्हा विचारतात तो यामुळे, आणि त्याचे उत्तर लपवण्यात नुकसान रुग्णाचेच.

ओळखीच्या डॉक्टरांना पाठवलेला फोटो

परदेशस्थ मराठी कुटुंबांत टेलिमेडिसिनचा सर्वाधिक प्रचलित प्रकार कोणत्याही रुग्णालयाच्या यंत्रणेत बसत नाही. पुण्या-नाशिकच्या ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातो, भिडेखातर दोन ओळींचे उत्तर येते. रुग्णाला तो आपुलकीचा सल्ला वाटतो. डॉक्टरसाठी ती बिननोंदीची, बिनसंरक्षणाची जबाबदारी असते. भारताने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. देशाबाहेरचा सल्ला त्यांच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेत सर्वसाधारण नियम असा की, रुग्ण ज्या राज्यात असेल तेथील परवाना डॉक्टरांकडे हवा. त्यामुळे पुण्याहून आलेली चिठ्ठी न्यू जर्सीच्या औषध दुकानात चालत नाही, आणि मग पुन्हा सामानातल्या ट्यूबचाच आधार घेतला जातो.

भारतात राहणाऱ्या आईवडिलांसाठी चित्र निराळे आहे. त्याच तत्त्वांनुसार व्हिडिओवरील पहिल्या सल्ल्यात क्लोट्रिमॅझोल, म्युपिरोसिन, कॅलामाइन अशी त्वचेवर लावण्याची औषधे लिहून देता येतात, आणि सरकारी ई-संजीवनी सेवेत २०२० पासून रुग्णाला घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते.

जुन्या, निदान झालेल्या विकारांच्या फेरतपासणीबाबत दोन्ही बाजूंची मते बरीच जुळतात. इसब, सोरायसिस, मुरमे यांत औषध लागू पडते आहे की नाही एवढेच पाहायचे असते, आणि त्यासाठी चांगले छायाचित्र पुरते. ते दिवसाच्या उजेडात, फ्लॅश व फिल्टरविना काढावे. एक दुरून, म्हणजे शरीराचा कोणता भाग ते कळेल, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. याउलट तापासह अंगभर पुरळ, तोंडात वा डोळ्यांत फोड, ओठांची सूज, झपाट्याने पसरणारा वेदनादायक लाल भाग अशी लक्षणे असतील तर फोटोत वेळ न दवडता तातडीच्या विभागात जावे, याविषयी डॉक्टरांमध्ये दुमत नाही.