खबार नदीच्या तीरी

इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकले आणि राजा यहोयाखीन, सरदार, सैनिक व कारागीर यांना बंदिवान करून नेले. त्यांत यहेज्केल हा याजकही होता. ज्या मंदिरात सेवा करायची ते शेकडो कोस मागे राहिले. यरुशलेमात उरलेले लोक तर उघड बोलू लागले की, गेलेले ते देवाला दुरावले. भूमी आता आमची. बंदिवानांपुढे प्रश्न उभा राहिला : जेथे मंदिर नाही तेथे देव असतो काय?

हा प्रश्न उमगण्यासाठी आपण दोन इब्री शब्द ध्यानी घेऊ. पहिला 'कावोद'. त्याच्या मुळाशी वजनाची, भाराची कल्पना आहे. त्यावरून अर्थ झाला परमेश्वराचे तेज. शलमोनाने मंदिर समर्पिले तेव्हा या तेजाने ते असे भरले की याजकांना सेवेस उभे राहवेना. दुसरा शब्द 'रूआह'. आपण मराठीत वारा, श्वास आणि आत्मा असे तीन शब्द योजतो. इब्रीला हा एकच पुरतो.

इ. स. पूर्व ५९३ च्या सुमारास खबार नदीच्या तीरी यहेज्केलाला तेच तेज दिसले. ही खबार म्हणजे निप्पूरजवळचा कालवा असावा. १८९३ साली तेथील उत्खननात सापडलेल्या मृत्तिकालेखांत त्याचे नाव आढळते. पुढील दृष्टान्तात ते तेज मंदिराचा उंबरठा ओलांडते, पूर्वद्वारी थबकते आणि नगर सोडून पूर्वेच्या डोंगरावर जाते. मूर्तिपूजा व रक्तपात यांनी भ्रष्ट झालेल्या स्थळी ते राहिले नाही. बंदिवानांना मात्र आश्वासन मिळते की परदेशी देव स्वतःच त्यांचे पवित्रस्थान होईल.

इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास मंदिर जळाले. ग्रंथात पुढे शुष्क अस्थींचे खोरे येते. चहूदिशांच्या वाऱ्यांतून रूआह येते, श्वास होऊन अस्थिपंजरांत शिरते. आणि तो आपलाच आत्मा असल्याचे परमेश्वर सांगतो. तिन्ही अर्थ येथे एकवटतात आणि मेलेले राष्ट्र उभे राहते.

यहेज्केलाने मंदिर तुच्छ लेखले नाही. त्याच्या ग्रंथाच्या अखेरच्या भागात तेज पूर्वेकडूनच नव्या मंदिरात परतते. परंतु ज्यांना देवाला दुरावलेले ठरवले, त्यांच्यापाशी देव आधीच पोहोचला होता. कोण देवाजवळ आणि कोण दूर, हा निवाडा करण्यापूर्वी आपण खबारचा तो तीर आठवावा.