कुठल्या कंपनीचे पाणी?

ऑगस्ट १८५४. टेम्स नदीच्या दक्षिणेकडच्या लंडनमध्ये एक डॉक्टर घरोघर दार ठोठावत हिंडत होता. ज्या घरात पटकीने माणूस गेला असेल, त्या घरात त्याला एकच गोष्ट विचारायची होती: तुमच्याकडे पाणी कुठल्या कंपनीचे येते? बहुतेकांना ते सांगता येत नसे. पाणीपट्टी घरमालक भरायचा आणि मालक राहायचा दुसरीकडे. पावती शोधून दाखवणारे थोडेच. मग डॉक्टर जॉन स्नो घरातले थोडे पाणी एका छोट्या कुपीत भरून घेई आणि वर पत्ता लिहून ठेवी.

कुपीतल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकले की मिठाचे प्रमाण कळते. मीठ जास्त असेल तर दह्यासारखा पांढरा साका बसतो, कमी असेल तर पाणी जेमतेम गढुळते. लॅम्बेथ कंपनीच्या पाण्यात गॅलनमागे ०.९५ ग्रेन मीठ होते आणि साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीच्या पाण्यात ३७.९ ग्रेन. चाळीस पटींचा हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसे. तो पडण्याचे कारण पाणी नदीतून कुठे उपसले जाते, यात होते. लॅम्बेथने १८५२ मध्ये आपला उपसा शहराच्या वर, टेम्स डिटनला नेला होता. भरतीचे पाणी तिथवर चढत नाही. दुसरी कंपनी अजून बॅटरसीला, भरतीच्या टापूत पाणी उचलत होती. भरती समुद्राचे मीठ वर आणी आणि शहराने नदीत सोडलेला मैलाही पुन्हा उपशाच्या तोंडाशी आणून सोडी. म्हणजे स्नोच्या कुपीत दिसणारे मीठ रोगाचे कारण नव्हते. ते रोग ज्या वाटेने येत होता, त्या वाटेवरची खूण होते.

वैद्यकाच्या इतिहासात स्नोचे नाव निघते ते सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपामुळे. पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, ही गोष्ट सांगायला सोपी आहे, म्हणून ती टिकली. खरे तर ८ सप्टेंबरला दांडा काढला तेव्हा साथ ओसरू लागली होती. लोक आधीच मोहल्ला सोडून पळाले होते. मृत्यूच्या रेघा काढलेला तो प्रसिद्ध नकाशाही शोधानंतर, पटवून देण्यासाठी काढलेला आहे. पंपाच्या कथेचे मोल मी नाकारत नाही. पण ज्याला वैद्यक, आकडेशास्त्र आणि अभियांत्रिकी ही तीन शास्त्रे एका ठिकाणी कशी जोडली जातात हे पाहायचे आहे, त्याने सोहोऐवजी नदीच्या दक्षिणेला जावे.

तिथे योगायोगाने एक प्रयोग मांडूनच ठेवलेला होता. दोन्ही कंपन्यांनी स्पर्धेच्या काळात एकाच गल्लीत आपापले नळ टाकले होते. शेजारच्या दोन घरांत दोन कंपन्यांचे पाणी येई. घरे सारखी, माणसांचे धंदे सारखे, रस्त्यावरचा वासही तोच. तीन लाखांवर माणसे अशी दोन गटांत वाटली गेली होती आणि आपण कुठल्या गटात आहोत हे त्यांनी ठरवलेले नव्हते, पुष्कळांना ते ठाऊकही नव्हते. आजच्या औषधचाचणीत हेच घडवून आणायला केवढा खटाटोप लागतो.

आता आकडे. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या घरांत १,२६३ मृत्यू झाले आणि लॅम्बेथच्या घरांत ९८. एवढ्यावर स्नो थांबला असता तर विरोधक म्हणाले असते, मोठ्या कंपनीकडे घरे जास्त, म्हणून मृत्यू जास्त. म्हणून भागाकार हवा आणि भागाकाराला छेद हवा. तो मिळाला संसदेपुढे ठेवलेल्या एका तक्त्यात. कुठली कंपनी किती घरांना पाणी देते, हे त्यात होते: ४०,०४६ आणि २६,१०७. दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५ मृत्यू, दुसरीकडे ३७. उरलेल्या लंडनमध्ये ५९.

या भागाकारात अंश डॉक्टरचा आहे. घराघरांत चालून, कुपीत पाणी भरून तो मिळवलेला आहे. छेद सरकारी दप्तरातला, कुणीतरी वेगळ्याच कामासाठी मोजलेला. आणि ज्या फरकाने हा भागाकार अर्थपूर्ण झाला, तो फरक एका कंपनीच्या इंजिनिअरांनी उपशाची जागा हलवून पाडलेला. तिघे एका टेबलाभोवती बसलेले नव्हते. त्यांचे काम जिथे एकत्र आले ती जागा म्हणजे तक्त्यातला एक रकाना, पाणीपुरवठा करणाऱ्या कंपनीचे नाव.

हा रकाना आधी कुठेच नव्हता. इंग्लंडमध्ये मृत्यूंची सरकारी नोंद १८३७ पासून होत होती. वय, लिंग, धंदा, आजार, ठिकाण, सगळे लिहिले जाई. नोंदणी कचेरीचा आकडेतज्ज्ञ विल्यम फार याने या नोंदींतून आठवड्याचे तक्ते छापायची पद्धत घातली होती. स्नोचे पहिले आकडे पाहिल्यावर त्याने दक्षिण लंडनच्या निबंधकांना कळवले, की २६ ऑगस्टनंतर पटकीच्या प्रत्येक मृत्यूच्या नोंदीत त्या घराचा पाणीपुरवठाही लिहा. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा हुकूम. एका हिंडणाऱ्या डॉक्टरचा प्रश्न त्याने नोंदवहीचा प्रश्न केला.

फारचा स्वतःचा सिद्धांत मात्र वेगळा होता, आणि तो चुकीचा होता. १८४८-४९ च्या साथीचे मृत्यू त्याने जमिनीच्या उंचीप्रमाणे लावून पाहिले. टेम्सच्या पातळीपासून वीस फुटांच्या आतल्या वस्तीत दहा हजारांमागे १०२ मृत्यू, वीस ते चाळीस फुटांत ६५, चाळीस ते साठ फुटांत ३४. उंची वाढली की मृत्यू घटत, इतक्या सुबक क्रमाने की त्याने सूत्रच मांडले. नदीकाठची कुजट हवा खाली साचते आणि माणसे मारते, हे जणू गणिताने सिद्ध झाले. सूत्र आकड्यांना चोख बसत होते. आजही विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखे उदाहरण आहे ते. सखल वस्त्यांना पाणी मिळे ते टेम्सच्या खालच्या, मैल्याने भरलेल्या पात्रातले, त्यामुळे उंचीच्या आड पाणीच लपलेले होते. फारच्या तक्त्यात उंचीचा रकाना होता, पाण्याला त्याच्या सूत्रात जागा नव्हती. आहे त्या रकान्यांतून जे उत्तर निघू शकते तेच निघाले.

तरी फारला दोष देताना हात आखडतो. आपल्या सिद्धांताच्या विरोधात जाणारी माहिती गोळा करण्याचा हुकूम त्यानेच दिला होता. १८५५ मध्ये आरोग्य मंडळाच्या शास्त्रीय समितीने स्नोचे म्हणणे फेटाळले. समितीपाशी निरीक्षणांचा ढीग होता, पण त्यांतले बहुतेक तापमान, वारा, हवेचा दाब यांचे. त्या ढिगात पाण्याच्या नळाचा पत्ता लागणे अवघडच होते. स्नोच्या आकड्यांतही एक गाठ होती. पहिल्या चार आठवड्यांत दोन कंपन्यांच्या घरांतल्या मृत्युदरांत चौदा पटींचे अंतर होते, सात आठवड्यांअखेर ते साडेआठ पटींवर आले. पुढे १८५६ मध्ये आरोग्य मंडळाचे वैद्यकीय अधिकारी जॉन सायमन यांनी सबंध साथीचा, घरांऐवजी माणसांमागे हिशोब केला तेव्हा दर दहा हजारांमागे १३० आणि ३७ असे आकडे आले, म्हणजे साडेतीन पट. सिद्धांत कच्चा म्हणून अंतर घटले असे नव्हे. साथ मुरली की रोग्याच्या हातांतून, कपड्यांतून, घराघरांतूनही ती पसरते आणि मूळ वाट पुसट होत जाते. साथीचा उगम शोधायचा तर पहिले आठवडे महत्त्वाचे असतात, हे त्या उतरत्या आकड्यांतून दिसते. सायमन यांच्या अहवालातला दुसरा आकडा मला अधिक पटवणारा वाटतो. १८४८-४९ मध्ये, लॅम्बेथने उपसा हलवण्यापूर्वी, दोन्ही कंपन्यांच्या ग्राहकांत दहा हजारांमागे ११८ आणि १२५ मृत्यू झाले होते. लॅम्बेथचेच किंचित जास्त.

मैला नदीत आला कसा, हेही पाहायला हवे, कारण तिथे सुधारकांचाच हात होता. एडविन चॅडविक यांच्या पुढाकाराने १८४८ पासून घरांखालची संडासाची कुंडे बंद करून सगळी घाण गटारांवाटे टेम्समध्ये लोटायची मोहीम चालली. वास घरातून गेला म्हणजे रोग गेला, असा हिशोब. आपल्याकडे पटकी आली की गावकरी मरीआईचा गाडा शिवेपर्यंत नेऊन सोडत. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर काढायचा. चॅडविक यांनी सबंध शहराचा गाडा पिण्याच्या पाण्याच्या उपशाशी नेऊन उभा केला. १८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये चौदा हजारांवर माणसे गेली.

१८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सची दुर्गंधी इतकी वाढली की संसदेचे पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या पाण्यात भिजवावे लागले. त्याच जूनमध्ये स्नो वारला. ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि इंजिनिअर जोसेफ बॅझलजेट यांच्या गटारयोजनेला पैसा मिळाला. बॅझलजेट आणि त्यांना पैसा देणारे खासदार, दोघेही वासाशीच लढत होते. पटकी पाण्यातून येते म्हणून ती गटारे बांधलेली नाहीत. चुकीच्या कारणासाठी केलेले हे कदाचित सर्वांत उपयुक्त बांधकाम असेल.

बांधकाम मात्र पाहण्यासारखे आहे. नदीला काटकोनात येणारी जुनी गटारे अडवण्यासाठी तिला समांतर १३२ किलोमीटर मुख्य गटारे, तीही होता होईल तो नुसत्या उतारावर चालणारी. मैलामागे दोन फूट उतार, म्हणजे मैला स्वतःच्या वजनाने वाहील आणि गाळ बसणार नाही. गटाराचा छेद अंड्यासारखा, निमुळते टोक खाली. उन्हाळ्यात प्रवाह बारीक झाला तरी त्या अरुंद तळाशी तो वेगाने वाहतो आणि पावसाळ्यात वरचा रुंद भाग कामी येतो. पोर्टलँड सिमेंट तेव्हा नवे होते, म्हणून त्याची ताकद कामावर सतत तपासली जाई. योजना आखली साडेचौतीस लाख लोकसंख्या धरून. हा आकडाही जनगणनेच्या खात्यामुळेच मांडता आला. जिथे उतार संपतो तिथे वाफेचे पंप: दक्षिणेला क्रॉसनेस १८६५ मध्ये सुरू झाले, उत्तरेला ॲबी मिल्स १८६८ मध्ये.

या दोन सालांच्या मधोमध, १८६६ मध्ये, पटकी पुन्हा आली. साडेपाच हजारांवर माणसे गेली आणि त्यांतली बहुतेक शहराच्या पूर्वेची. नव्या गटारांना अजून न जोडलेला भाग तेवढाच होता. या वेळी फारने उंचीचे सूत्र बाजूला ठेवले. त्याच्या तक्त्यात आता पाणी कंपनीचा रकाना होता आणि मृत्यू एकाच कंपनीच्या, ईस्ट लंडन वॉटर कंपनीच्या, हद्दीत दाटलेले दिसत होते. कंपनीच्या इंजिनिअरने वर्तमानपत्रात लिहून कळवले, की न गाळलेल्या पाण्याचा थेंबही आम्ही देत नाही. तेव्हा ग्राहकांनी सांगितले, की आमच्या नळातून वाम मासे निघालेत. वाळूच्या गाळणीतून वाम पार होत नाही. ओल्ड फोर्डच्या उघड्या तलावातले पाणी गाळणी चुकवून नळात येत होते, आणि तो तलाव ली नदीच्या काठी होता. त्या नदीत थोड्या खालच्या अंगाला एका पटकीच्या घरातला संडास सुटत होता. बारा वर्षांपूर्वी मिठाच्या साक्याने जे काम केले, ते इथे माशाने केले.

गटारांनीही गाडा शिवेपर्यंतच नेला होता. उत्तरेकडच्या बेक्टनला आणि दक्षिणेकडच्या क्रॉसनेसला मैला ओहोटीच्या वेळी कच्चाच सोडला जाई. ३ सप्टेंबर १८७८ ला ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी बोट त्या तोंडांजवळच बुडाली तेव्हा नुकताच मैला सोडलेला होता. सहाशेंहून अधिक माणसे मेली. त्यानंतर १८८७ पासून गाळ वेगळा करून बोटींनी उत्तर समुद्रात टाकायला सुरुवात झाली आणि ती १९९८ पर्यंत चालली. शीव पुढे सरकत राहिली.

आपल्याकडे मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले आणि बंदिस्त गटारे त्यामागून रेंगाळत आली. पण मला इथे जवळचे उदाहरण द्यायचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रोगी वाढले. काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला, संशय पाण्यावर गेला आणि आरोग्यखात्याची पथके दारोदार फिरली. प्रश्न तोच, १८५४ चा. फरक एवढाच, की स्नोच्या घराला एक कंपनी होती. इथे एकाच फ्लॅटमध्ये सकाळी महापालिकेचा नळ, दुपारी बोअर, एक दिवसाआड टँकर आणि पिण्याला वीस लिटरचा जार. इस्पितळाच्या केसपेपरवर वय, पत्ता, तक्रार, रक्तदाब असतो. पाण्याच्या उगमाचा रकाना मी अजून तरी पाहिलेला नाही. अंश तरी रोगी मोजून मिळेल, पण अमुक विहिरीवरच्या टँकरचे पाणी किती घरांत जाते, हा छेद कुठल्या दप्तरात शोधायचा?

परवा आमच्या सोसायटीच्या टाकीत टँकरची नळी सोडलेली होती. रखवालदाराला विचारले, आजचे पाणी कुठल्या विहिरीवरचे? त्याने वहीत पाहून सांगितले, “साहेब, ड्रायव्हर मागच्या वेळचाच होता.” वहीत तारीख होती, गाडीचा नंबर होता आणि सही होती.