धनंजय माने आता कुठे राहतात?

ज्यांचा डेटा संपलाय, किंवा जे ऑफिसात कानात इअरफोन घालू शकत नाहीत, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीप्रमाणे लेखी स्वरूपात.

आज आपण एका पिक्चरबद्दल बोलणार आहोत. हा पिक्चर पाहिला नाही असं कुणी म्हणालं तर आपण त्याच्याकडे जरा संशयाने बघतो. 'अशी ही बनवाबनवी', रिलीज २३ सप्टेंबर १९८८. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, निर्माते किरण शांताराम, लेखणी वसंत सबनीसांची. पडद्यावर अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, स्वतः सचिन आणि सिद्धार्थ रे.

माझा जन्म पिक्चरनंतर जवळपास दहा वर्षांनी झाला. म्हणजे मी तो थेटरात पाहिलेला नाही. आमच्या जालन्यातल्या घरी तो रविवारी दुपारी टीव्हीवर लागायचा आणि आई पोळ्या लाटता लाटता पुढचा डायलॉग आधीच म्हणायची. तुमच्यातल्या निम्म्यांनी तर तो आख्खा पाहिलाच नसेल. तुकड्या-तुकड्यांत, मीममध्ये, स्टिकरमध्ये पाहिला असेल. दार वाजवून धनंजय मानेंचा पत्ता विचारणारं ते वाक्य शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे.

तर प्रश्न असा की मीम बाजूला ठेवून हा पिक्चर आज सलग पाहिला तर टिकतो का? या दिवाळीत मी घरी आलो होतो, तेव्हा सगळ्यांनी मिळून पाहिला. मी, आई, बाबा आणि माझी एकोणीस वर्षांची चुलत बहीण. त्या संध्याकाळपासून हा विषय डोक्यात आहे.

आधी गोष्ट, थोडक्यात. धनंजय माने पुण्यात एका दुकानात नोकरी करतो आणि विश्वास सरपोतदार नावाच्या चिकट मालकाच्या खोलीत भाड्याने राहतो. त्याच्याकडे एकेक करून धाकटा भाऊ शंतनू आणि दोन मित्र, सुधीर आणि परशुराम, येऊन धडकतात. खोली जाते. नवीन जागा मिळते ती लीलाबाई काळभोर यांच्या मोठ्या घरात, पण बाईंची अट एकच: भाडेकरू लग्न झालेले पाहिजेत. मग काय, सुधीरची होते सुधा आणि परशाची होते पार्वती. दोन नवरे, दोन बायका, घर पक्कं!

ही गोष्ट मुळात आपली नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९६६ साली हृषीकेश मुखर्जींनी 'बीवी और मकान' नावाचा हिंदी पिक्चर काढला होता, बनवाबनवी त्यावर बेतलेला आहे. पुढे आपला पिक्चर तेलुगूत गेला, आणि २००९ मध्ये 'पेइंग गेस्ट्स' म्हणून परत हिंदीत आला. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, हॉलिवूडच्या 'सम लाइक इट हॉट'मध्ये दोन वादक गुंडांपासून जीव वाचवायला बायकांच्या बँडमध्ये शिरतात. फरक बघा. तिकडे पुरुष साडी... सॉरी, झगा घालतो तो बंदुकीच्या भीतीने. आपल्याकडे घालतो तो घरमालकाच्या भीतीने!

आणि ही भीती काही हवेतून आलेली नव्हती. थोडा कायद्याचा इतिहास सांगतो, कंटाळू नका. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि जुन्या घरांची भाडी १९४० च्या आसपासच्या पातळीवर गोठली. भाडेकरूला काढणं महाकठीण झालं. त्यावर घरमालकांनी 'भाडेकरू' न म्हणता लायसन्सवर माणसं ठेवायला सुरुवात केली. मग १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही भाडेकरूसारखं संरक्षण मिळालं. राहणाऱ्यांसाठी चांगलंच झालं. पण ज्याच्याकडे रिकामी खोली होती तो घाबरला. एकदा आत घेतलेला माणूस बाहेर निघेल का? त्यापेक्षा कुलूप बरं. आणि द्यायचीच झाली तर ओळखीच्याला, आपल्या जातीच्याला, 'फॅमिली'वाल्याला.

दुसरीकडे पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहिले होते, कॉलेजं वाढत होती, सगळ्या महाराष्ट्रातून पोरं पुण्यात येत होती. आपला जालना जिल्हा तर १ मे १९८१ ला झाला, म्हणजे पिक्चर आला तेव्हा फक्त सात वर्षांचा. बियाणं, लोखंड, मोसंबी सगळं इथे. 'जालना सोने का पालना' म्हणायचं आणि शिकायला-नोकरीला मात्र बॅग भरून पुण्याची गाडी धरायची.

मीही तेच केलं. बीटेक झालं, पुण्यात कंपनी लागली. रात्रीची ट्रॅव्हल्स, पहाटे वाकडला उतरलो. तीन मित्र आणि मी, चौघं. बरोबर चौघं! पहिल्या महिन्यात अकरा फ्लॅट पाहिले. भाडं द्यायला तयार, डिपॉझिट द्यायला तयार. पण ब्रोकर फोनवरच विचारायचा, "फॅमिली आहे का बॅचलर?" एका सोसायटीत तर सगळं ठरलं, टोकन देणार, तेवढ्यात कमिटीतले एक काका आले. मी म्हणालो, "काका, आम्ही चौघंच राहायलोत, गडबड नाही करणार." त्यांनी विचारलं, "कुठले तुम्ही? मराठवाडा का?" आणि हसले. फ्लॅट गेला. शेवटी एका ब्रोकरने सल्ला दिला, "डिसेंबरात लग्न आहे म्हणून सांगा." मी तसं सांगितलं. फ्लॅट मिळाला. ते लग्न अजून व्हायचंय.

आता कायदा बदललाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. अकरा महिन्यांचा रजिस्टर करार असतो, मालकाला १९७३ सारखी भीती राहिलेली नाही. भीती गेली, सवय राहिली. म्हणून म्हणतो, बनवाबनवीचा पाया आजही पक्का आहे. त्यातला सरपोतदार तोंडावर भांडायचा तरी. आताचा सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस टाकतो.

विनोदाचं काय? तो टिकलाय, आणि का टिकलाय ते नीट पाहिलं की कळतं. यात एकटा कुणी भाव खात नाही. सुधीर जोशींचा सरपोतदार घ्या. मधुमेहाचं इस्राईलचं औषध आणि बुडालेले सत्तर रुपये हा सीन तीन मिनिटांचा, पण अशोक सराफ थाप मारताना चेहऱ्यावरची रेष हलवत नाहीत आणि सुधीर जोशींचा चेहरा मात्र प्रत्येक शब्दाला पडत जातो. आमच्या घरी चारही पिढ्या... म्हणजे अतिशयोक्ती झाली, पण बाबांपासून बहिणीपर्यंत सगळे एकाच जागी हसले.

साडीचंही तसंच. मराठी प्रेक्षकाला पुरुष साडीत नवीन नव्हता. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा, बनवाबनवीच्या बरोबर शंभर वर्षं आधीचा. त्यांना स्टेजवर पाहून घरंदाज बायका साड्या-दागिन्यांची फॅशन उचलायच्या. तिथे हसायचं नव्हतं, भारावून जायचं होतं. सचिनची सुधा मला त्या परंपरेच्या जवळची वाटते, ठाकठीक, नीटनेटकी. लक्ष्याची पार्वती म्हणजे साडीतला परशाच, बसताना पण परशाच. एकाच पिक्चरमध्ये दोन्ही प्रकार शेजारी उभे आहेत आणि त्यातूनच मजा येते.

आणि एक गंमत लक्षात आली का? आज जालन्यात कुठल्याही डोहाळजेवणाला जा, याच पिक्चरमधलं ते गाणं वाजतंच. पिक्चरमध्ये ते डोहाळजेवण पार्वतीचं आहे. म्हणजे लक्ष्याचं! खोट्या पोटासाठीचं गाणं आपण खऱ्या पोटासमोर वाजवतो आणि कुणालाच काही खटकत नाही. पिक्चर लोकांचा झाला की असं होतं.

आता खटकणारं. आम्ही सगळे हसत होतो, बहीण मध्येच हसायची थांबली. मुली सुधा-पार्वतीला बाई समजून विश्वासाने जवळ येतात, आपलं मन मोकळं करतात, तो भाग होता. ती म्हणाली, "दादा, त्यांना माहीतच नाही ना समोर कोण आहे?" मी म्हणालो, "अगं, कॉमेडी आहे." ती म्हणाली, "ते कळलं मला. पण लीलाबाईचं काय चुकलं? एकटी बाई आहे. घर द्यायच्या आधी चौकशी करणारच ना?"

मी गप्प. कारण मी आयुष्यभर हा पिक्चर धनंजयच्या बाजूने पाहिला होता. घर शोधणारा मीच होतो ना! एकट्या बाईने चार अनोळखी पोरांना घरात घ्यावं का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मग तिने दुसरं सांगितलं. तिला पुण्यात क्लास लावायचाय. तिने आणि काकूने जागा पाहिल्या. साडेनऊला गेट बंद, खिडकीला जाळी, पाहुणा नको, आणि भाडं माझ्या वाट्यापेक्षा जास्त. ती म्हणाली, "तुम्हाला घर नाही मिळालं तर तुम्ही साडी नेसता. मी काय करू मग? मिशा लावून जाऊ का?"

आई हसली. बाबा हसले. मी पण हसलो, पण त्यानंतर पिक्चर वेगळाच दिसायला लागला.

तर माझं उत्तर. बनवाबनवी टिकतो. गती टिकते, संवाद टिकतात, अभिनय तर टिकतोच. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे २००४ मध्ये गेले, तरी स्क्रीनवर ते आपल्याच वयाचे आहेत. फसवणुकीने मुलींच्या जवळ जाणं आज तितकं निरागस वाटत नाही, आणि वाटू पण नये. त्यासाठी पिक्चर फेकून द्यायची गरज नाही. त्या सीनला कुणी हसायचं थांबलं तर त्याला "कॉमेडी आहे" म्हणून गप्प बसवू नका, एवढंच. मी बसवलं, म्हणून सांगतोय.

बहिणीला जागा मिळाली. गेट साडेनऊलाच बंद होतं. परवा ती म्हणाली की लीलाबाईसारखी मालकीण असती तर बरं झालं असतं, निदान डोहाळजेवण तरी केलं असतं!

तुम्हाला घर मिळवताना काय थाप मारावी लागली? व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगू नका, घरमालक पण ऐकतात. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!