कॅरव्हॅन
कॅरव्हॅन : मोटारगाडीच्या मागे जोडून ओढून न्यावयाचे, स्वतःचे एंजिन नसलेले लहान फिरते घर. हे नाव ‘कारवान’ (तांडा) या फार्सी शब्दावरून आले. हे घर दिसावयास स्वयंपूर्ण असले, तरी त्याचा तोल व त्यातील वीज ही दोन्ही पुढील गाडीशी बांधलेली असतात.

केवळ हौशी प्रवासासाठी बांधलेल्या आरंभीच्या कॅरव्हॅनांपैकी ‘वाँडरर’ ही ब्रिस्टल येथे विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील माजी वैद्यासाठी १८८५ मध्ये तयार झाली. सु. दोन टन वजनाची ही कॅरव्हॅन दोन घोडे ओढीत. त्या मंद गतीत चढ-उतार हीच मुख्य चिंता असे. इंग्लंडमध्ये १९०७ साली कॅरव्हॅन क्लब स्थापन झाला आणि १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीने ओढावयाच्या कॅरव्हॅन बांधण्यास आरंभ केला. अमेरिकेत हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये विमानबांधणीतील तंत्र वापरून ‘रोड चीफ’ ही ॲल्युमिनियमची कॅरव्हॅन बनविली. तिच्याच धर्तीवर वॉली बायम यांची ‘क्लिपर’ (१९३६) तयार झाली.

मोटारीच्या वेगाबरोबर नवा धोका आला. जोडाच्या बिंदूभोवती कॅरव्हॅन लंबकाप्रमाणे डावी-उजवीकडे झोके घेते. कमी वेगात हे झोके आपोआप विरतात. विशिष्ट वेगापलीकडे मात्र ते वाढत जाऊन गाडीलाही फरफटत नेतात. मागील भागात जड सामान ठेवल्यास ही मर्यादा पुष्कळच खाली येते. म्हणून गुरुत्वमध्य आसाच्या किंचित पुढे ठेवून काही भार जोडावर टाकतात. अमेरिकेत हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, तर ब्रिटनमध्ये ५ ते ७ टक्के धरतात. झोके मोडण्यासाठी वेग वाढवावा हा रूढ समज घातक आहे. वेगवर्धकावरील पाय हलकेच काढून सुकाणू सरळ धरणे हाच उपाय होय.

विजेच्या बाबतीतही असाच अनुभव आला. मुक्कामातील दिवे गाडीच्याच घटमालेवर चालविले, तर सकाळी एंजिन सुरू होत नसे. त्यामुळे कॅरव्हॅनमध्ये वेगळी घटमाला आली आणि एंजिन चालू असतानाच दोन्ही घटमाला जोडणारा रिले बसविण्यात येऊ लागला. तरीही अडचण उरलीच. २.५ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेची जाऊन-येऊन लांबी १० मी. असेल, तर १५ अँपिअर प्रवाहास सु. एक व्होल्ट तारेतच खर्ची पडतो. मग १४.२ व्होल्टऐवजी घटमालेला जेमतेम १३.२ व्होल्ट मिळतात. दिवसभर प्रवास करूनही ती अर्धवटच भारित होते व शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटाचा कठीण थर साचतो. इंधनबचतीसाठी अलीकडील गाड्यांतील प्रत्यावर्तक मधूनमधून दाब उतरवितात. यासाठी आता दाब वाढवून देणारा परिवर्तक किंवा छपरावरील सौर पट्ट वापरतात.

घटमालेची जागाही तोलाशी निगडित आहे. सु. २५ किग्रॅ. वजनाची घटमाला मागील टोकास ठेवल्यास जोडावरील भार घटतो. अमेरिकेत ती बहुधा पुढील दांड्यावर बसवितात. तेथील अनेक कॅरव्हॅनांचे गतिरोधक विजेवर चालतात. जोड तुटून कॅरव्हॅन सुटली, तर एक खीळ ओढली जाते व कॅरव्हॅनमधील घटमाला ते गतिरोधक आवळते. घटमाला रिकामी असल्यास ते लागतच नाहीत. ब्रिटिश पद्धतीत हेच काम हात-गतिरोधकाला बांधलेली पोलादी दोरी करते; तिला वीज लागत नाही.