उज्जैनची वेधशाळा आणि पंचांगाचं भांडण

आमच्या गोंदियात घड्याळात बारा वाजल्यावर सूर्य माथ्यावर यायला वर्षाच्या सरासरीने आणखी 9 मिनिटं लागतात. उज्जैनला 27! देशाचं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलेलं ना. गंमत म्हणजे एकेकाळी आपल्या ज्योतिषांची मध्यरेषाच उज्जैनवरून जायची. म्हणून तर सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात क्षिप्राकाठी तिथे वेधशाळा बांधली. पुढे तिची पडझड झाली.

ती पुन्हा उभी राहिली 1923 साली, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांमुळे. पण महाराजांना सुचवलं कोणी? नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी. आपटेच तिचे पहिले अधीक्षक.

यामागे मला पंचांगाचं भांडण दिसतं. आपल्याकडची पंचांगं गणेश दैवज्ञांच्या 1520 च्या 'ग्रहलाघवा'वरून होत. चारशे वर्षांत त्यातलं गणित आणि आकाश यांची फारकत झाली. केरोपंत छत्र्यांनी 1865 च्या सुमारास नवं पंचांग काढलं, 1904 ला टिळकांच्या पुढाकाराने मुंबईत परिषद भरली. प्रश्न साधा होता: पोथी खरी की डोळ्यांना दिसतं ते खरं? एकादशीचा उपास, वडिलांचं श्राद्ध... चुकीच्या तिथीला केलं तर? घरोघरी हा घोर. उत्तर द्यायचं तर वेध घ्यायला जागा हवी.

म्हणून उज्जैनची डागडुजी नुसती शोभेची नव्हती. 22 फुटी सम्राट यंत्राच्या सावलीवरून 20 सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. आपट्यांच्या काळात, 1937 मध्ये, नवीन शंकुयंत्रही बसलं, आणि 1942 पासून वेधशाळा ग्रहस्थितीचं पंचांग छापू लागली.

आता पुण्याचं बघा. तिथे 1888 साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा निघाली, पुढे 20 इंची ग्रब दुर्बीण आली. सगळं आधुनिक! पण ती कावसजी नायगमवाला या एका माणसावर उभी होती. 1912 ला ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद, दुर्बीण कोडाईकनालला. उज्जैनच्या दगडी यंत्रांना मात्र गिऱ्हाईक होतं.

असो. भांडण मिटलं म्हणाल तर नाही. टिळक पंचांग पाळणाऱ्यांचे गणपती अजूनही एखाद्या वर्षी आपल्या महिनाभर आधी येऊन जातात.