साऱ्यावरचा एक आणा

दिवाळीपूर्वी घराची झाडलोट निघाली की माळ्यावरची पत्र्याची पेटी एकदा खाली उतरते. आमच्या दिंडोरीच्या घरातील अशा पेटीत पणजोबांच्या नावाची एक जीर्ण पावती आहे. साल १९१२. कसरीने कडा खाल्ल्या आहेत. पण दोन ओळी शाबूत आहेत. शेतसारा रुपये सोळा आणि त्याखाली लोकलफंड रुपया एक. लहानपणी त्या एका रुपयाकडे माझे लक्षही गेले नव्हते. पुढे मास्तरकी पत्करली, चार जुनी पुस्तके चाळली, तेव्हा उमगले की त्या रुपयातील पाच आणे चार पै शाळेसाठी होते. पणजोबांना अक्षरओळख नव्हती. जुन्या कागदांवर त्यांची सही कोठेच नाही, अंगठा आहे. न शिकलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मुलांच्या शाळेसाठी भरलेला तो पैसा होता.

शाळेला पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न प्रत्येक पिढीला आपलाच वाटतो. वास्तविक तो फार जुना आहे आणि त्याची उत्तरेही जुनीच आहेत. ती एकदा ओळीने मांडून पाहिली तर आजच्या वादात थोडा उजेड पडेल.

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकारने असा नियम घातला होता की, ज्या गावाला शाळा हवी असेल त्याने मास्तरचा निम्मा पगार सोसावा आणि शाळेसाठी घर द्यावे. ऐपतीच्या गावांना हे जमले. गरीब गावांना जमले नाही, आणि शाळेची खरी गरज तर त्यांनाच होती. १८६३ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या अमदानीत दुसरी वाट काढण्यात आली. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यावा, त्यातील दोन हिस्से रस्ते वगैरे कामांना लावावेत आणि एक हिस्सा शिक्षणाला द्यावा, असे ठरले. १८६९ च्या कायद्याने या पट्टीला पक्के रूप आले. आमच्या पावतीवरचा लोकलफंड तो हाच.

योजना चांगली होती, यात शंका नाही. एका गावाच्या मर्जीवर असलेली शाळा साऱ्या तालुक्याच्या वर्गणीवर उभी राहिली. पण दुसऱ्याच वर्षी, डिसेंबर १८७० मध्ये, लॉर्ड मेयो यांच्या सरकारने शिक्षण, रस्ते, पोलीस, तुरुंग ही खाती प्रांतांकडे सोपविली आणि त्यांच्यासाठी एक ठराविक रक्कम बांधून दिली. तीही पूर्वीच्या खर्चापेक्षा कमी! उरलेली तूट प्रांतांनी काटकसरीने किंवा स्थानिक कर बसवून भरून काढावी, असा त्याचा अर्थ होता. अशा वेळी वरच्या तिजोरीला सोयीची सबब मिळते. लोक पट्टी देतातच, मग आपण हात आखडता घेतला तर बिघडले कोठे? शाळेसाठी म्हणून वाढलेला पैसा मग शाळा वाढवीत नाही. तो दुसऱ्याची जबाबदारी तेवढी हलकी करतो.

या व्यवहारातील अन्याय फार स्पष्टपणे मांडला तो जोतीराव फुल्यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनाखाली त्यांनी स्वतःला व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर म्हटले आहे. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो, वरचे श्रीमंत वर्ग तिजोरीत फारसे काही घालीत नाहीत, आणि शिक्षणाचा लाभ मात्र त्यांनाच अधिक पोहोचतो, हे त्यांनी आयोगाला सुनावले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. कर देणाऱ्याच्या मुलाला शाळा मिळाली नाही तर तो कर कोणासाठी, हा त्यांच्या म्हणण्यातला सवाल आजही बोचतो.

पणजोबांनी सोळा रुपये सारा भरला त्याच १९१२ सालच्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कलकत्त्याच्या कौन्सिलात अडतीस विरुद्ध तेरा मतांनी पडले. पैसा नाही, हा आक्षेप तेथेही होताच. गोखले मूळचे गणिताचे शिक्षक. त्यांनी नुसती कळकळ दाखविली नाही, हिशेब दाखविला. खर्चाचे दोन हिस्से सरकारने व एक हिस्सा स्थानिक संस्थांनी सोसावा. आयात मालावरील जकात शेकडा पाचावरून साडेसातावर न्यावी. तेही अपुरे पडले तर मिठावरचा कर आठ आण्यांनी वाढवण्यासही आपली तयारी आहे, असे ते म्हणाले. याच गोखल्यांनी मिठावरचा कर कमी व्हावा म्हणून वर्षानुवर्षे भांडण केले होते! स्वतःच्या आवडत्या मताला मुरड घालून त्यांनी शाळा वर ठेवली. विधेयक पडले, पण 'पैसा नाही' या शब्दांचा खरा अर्थ 'त्या कामासाठी नाही' असा असतो, हे त्यांनी कायमचे दाखवून दिले.

पुढचा पेच अधिक विचित्र होता. १९३७ मध्ये प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली तेव्हा मुंबई सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा दारूवरील अबकारीतून येत होता. दारूबंदी करावी तर शाळा कशावर चालवाव्यात? मुलांना शिकविण्यासाठी बापाने प्यावे, ही क्रूर थट्टा गांधीजींना असह्य झाली. मुलांच्या हस्तोद्योगातून मास्तरचा पगार निघावा, असे उत्तर त्यांनी सुचविले. मुंबईत बाळासाहेब खेर पंतप्रधान होते आणि अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होते. त्यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी जारी केली आणि बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरातील इमारतींवर भाड्याच्या शेकडा दहा इतका कर बसविला. घरमालकांनी ओरड केली. पण शेतकऱ्याच्या आण्यावरून सरकारची नजर प्रथमच शहरातल्या चाळींच्या भाड्याकडे वळली, हे विसरता येत नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ साली शिक्षण उपकराचा कायदा झाला, तो याच वाटेने. शहरांतील इमारती आणि नगदी पिकांखालील बागायती जमीन यांवर तो बसला. ज्याच्याकडे अधिक, त्याने अधिक द्यावे, असे त्यात स्वच्छ धोरण होते. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आल्या. पुढे कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचे शेकडा सहा शिक्षणावर खर्चावे, असे १९६६ मध्ये सांगितले. आपल्या कोल्हापूरकडील जे. पी. नाईक त्या आयोगाचे सचिव होते. तो आकडा २०२० च्या शैक्षणिक धोरणातही पुन्हा लिहावा लागला. यावरून त्याची गत कळते.

केंद्र सरकारने २००४ मध्ये करांवर दोन टक्के शिक्षण उपकर घेतला, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का जोडला. त्या दुसऱ्या उपकराची २०१७-१८ पर्यंतची चौऱ्याण्णव हजार कोटींहून अधिक रक्कम त्यासाठीच्या वेगळ्या निधीत गेलीच नाही, असे महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले. उपकरात राज्यांना वाटाही मिळत नाही. लॉर्ड मेयोंच्या काळी वरच्याने हात आखडला. या वेळी मुठीत आलेले वरच्याने वरच ठेवले.

आज दिंडोरी तालुक्यात द्राक्षांचे मळे आहेत, मद्याचे कारखाने आहेत, औद्योगिक वसाहत आहे. पणजोबांच्या काळाशी ताडून पाहता हा तालुका श्रीमंत आहे. आणि याच तालुक्याच्या पश्चिमेला, पेठच्या बाजूच्या डोंगराळ पाड्यांवर, चौदा-पंधरा मुलांच्या शाळा आहेत. वीसांखाली पट असलेल्या शाळा एकत्र कराव्यात, अशी चर्चा २०२३ पासून जोरात आहे. कागदावर तिचा हिशेब बरोबर येतो. पण ओढ्याला पाणी आले की सहा वर्षांची पोर पलीकडच्या गावी जात नाही, ती घरी धाकट्याला सांभाळीत बसते. हा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

नवा कर सुचविणे मला अवघड वाटत नाही. दीडशे वर्षांत एवढे सुचले की आता नवे राहिलेलेच नाही. माझे मागणे साधे आहे. शाळेच्या नावाने घेतलेला पैसा जुन्या अनुदानाच्या जागी नव्हे, त्याच्या भरीला यावा. आणि त्याचा जमाखर्च दर साली त्या त्या शाळेच्या भिंतीवर लिहावा, म्हणजे पावती फाडणाऱ्याला तो वाचता येईल.

पणजोबांना तो वाचता आला नसता. त्यांनी पाच आणे चार पै तरीही भरले. पेटी पुन्हा माळ्यावर ठेवताना यंदा ती पावती मी बाहेर काढून ठेवली आहे. सुट्टी संपली की वर्गात नेईन आणि चौथीच्या मुलांना रुपयाचा तिसरा हिस्सा काढायला सांगेन.