पेशी, कोशिका आणि अकरावीचं जीवशास्त्र

दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेली मुलं अकरावी सायन्सला गेली की जीवशास्त्राचं इंग्रजी पुस्तक त्यांना घाबरवतं. पहिले काही महिने विषयापेक्षा शब्दांचीच झटापट चालते. पण शाळेत पाठ केलेले मराठी शब्द इथे चांगलेच कामाला येतात.

त्यातला एक धडा पेशीचा. १६६५ साली रॉबर्ट हूकने ‘मायक्रोग्राफिया’ या पुस्तकात बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसला ते लिहिलं. दिसलेल्या खणांना तो ‘सेल’ म्हणाला. लॅटिन ‘सेला’ म्हणजे छोटी खोली. बुचातल्या पेशी मेलेल्या, त्यामुळे उरल्या होत्या नुसत्या भिंती. नाव पडलं ते घराला. घरातलं बिऱ्हाड पुढे सापडलं.

हिंदीने ‘कोशिका’ म्हणत ती पोकळी जपली. आपण घेतली ‘पेशी’, आणि संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या पाचशे पेशी मोजल्या आहेत; त्या अर्थात आजच्या भाषेतले स्नायू. हिंदीत अजूनही मांसपेशी म्हणजे स्नायूच. सुश्रुताचे ‘स्नायू’ मात्र निराळे, सांधे बांधून ठेवणारे, आणि त्यांची संख्या नऊशे! म्हणून हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करणाऱ्या मराठी मुलाने ‘पेशी’ ऐकली की जरा थांबावं. (हिंदीत कोर्टात होते ती पेशी आणखी वेगळी, ती फारसीतून आलेली.) इतका घोळ असूनही मला आपला शब्द हूकच्या शब्दापेक्षा सरस वाटतो. त्यात भिंतीला नव्हे, आतल्या जिवंत ऐवजाला मान आहे.

प्रात्यक्षिकाला कांद्याच्या मुळाचं टोक येतं. ते रंगवायचं, काचपट्टीवर दाबायचं आणि विभाजन होत असलेल्या पेशी शोधत बसायचं. रंग धरून उठून दिसणारे ते तुकडे म्हणजे क्रोमोसोम. ग्रीकमध्ये ‘क्रोमा’ म्हणजे रंग आणि ‘सोमा’ म्हणजे शरीर. १८८८ साली वाल्डेयरने हे नाव दिलं तेव्हा ते रंग शोषतात हे दिसत होतं. आनुवंशिकतेशी त्यांचं नातं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सटन आणि बोव्हेरी यांनी मांडलं. मराठी शब्द त्यानंतर घडला, म्हणून त्याला हे गुपित ठाऊक आहे: ‘गुणसूत्र’, गुण वाहून नेणारा धागा. जुन्या पुस्तकांत ‘रंगसूत्र’ही सापडतं. ते मूळ शब्दाला अधिक धरून आहे, पण विद्यार्थ्याला कमी शिकवतं.

पेशीविभाजनाच्या दोन प्रकारांची नावंही अशीच. मायटॉसिसमधला ‘मिटॉस’ही धागाच, आणि आपलं ‘सूत्री विभाजन’ तो धागा सोडत नाही. मिऑसिस म्हणजे घट. आपण ‘अर्धसूत्री’ म्हणतो, म्हणजे घट किती तेही सांगून टाकतो. इंग्रजीत ही जोडी ऐकायला इतकी सारखी की परीक्षेत हमखास अदलाबदल होते. मराठीत ती होणं अवघड.

तेव्हा अकरावीत गेलात म्हणून दहावीचं मराठी पुस्तक रद्दीत घालू नका. इंग्रजी संज्ञा अडली की आधी तिचा मराठी शब्द काढा, तो फोडून पाहा, मग व्याख्या पाठ करा.